साऱ्या टोल्याचा कुत्रा

मोहफुलांच्या दिवसांत गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या आसपासच्या टोल्यांना, म्हणजे छोट्या वस्त्यांना, उजाडण्याआधीच जाग येते. टोपल्या घेऊन बाया रानाकडे निघतात आणि त्यांच्या पुढे, न बोलावता, कुत्रा निघतो. मोहाखाली अस्वल आधीच आलेलं असू शकतं. कुत्रा थबकला, घशातल्या घशात गुरगुरला, की बायांची पावलं जागीच थांबतात. त्याच्या नाकावर एवढा भरवसा टाकणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

पूर्वी हा भरवसा पारधीतला होता. माडिया-गोंडांच्या शिकारीत कुत्रा माग काढायचा, सावज अडवायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, पण कुत्रा टोल्यातच राहिला. त्याला पट्टा नव्हता, नाव असलं तर रंगावरून. कुणाच्या दारी पेज मिळे, कुणाच्या दारी काठी. तो एका घराचा नव्हता, साऱ्या टोल्याचा होता. आजारी पडला तर मात्र एकटा पडे.

आपल्या परंपरेनं त्याला मोठा मान दिला. दत्ताच्या पायाशी त्याला जागा दिली, युधिष्ठिरासोबत स्वर्गाच्या दारापर्यंत नेलं, पोळी घेऊन पळालेल्या त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव दिले. घराच्या उंबऱ्यावर मात्र तो मान थांबला. आज तो उंबरा ओलांडला गेला आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंच्याच्या वाटा जिथे जवळ येतात, त्या सागवानाच्या आलापल्लीत आता लॅब्रेडॉर दिसतो, पॉमेरियन दिसतो. मुलं त्यांना कुशीत घेऊन झोपतात. गावठी पिल्लालाही कुणी हौसेनं नाव देतं. हा लळा मला मनापासून आवडतो. जनावराला हात लावताना ज्याचा हात मऊ होतो, ते मूल माणसाशीही मऊपणानं वागायला शिकतं.

पण याच काळात चौकातला कुत्रा कुणाचाच उरला नाही. घरातल्याचे लाड वाढले, टोल्यातल्यावरची नजर उडाली. हौस फिटली की आणलेलं पिल्लूही रस्त्यावर येतं. मग कुणाला चावा बसला की विचारणा होते, ‘कुणाचा आहे हा?’ आणि कुणी बोलत नाही. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, ती धास्ती आजीच्या पिढीनं जपली होती. आता लस दंडात देतात, पण ती वेळेवर घ्यावी लागते. त्याआधी जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी लागते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसाला होणारा हा रोग बहुतेक वेळा कुत्र्याच्याच चाव्यातून येतो.

रानालाही या दुर्लक्षाची झळ लागते. 2018 मध्ये गीरचे काही सिंह ज्या डिस्टेंपर विषाणूनं दगावले, तो कुत्र्यांमध्येही असतो. आमच्या रानात वाघ, बिबटे आहेत, रानकुत्र्यांचे कळप आहेत. इंग्रजी अमदानीत रानकुत्रा मारला की बक्षीस मिळे. आज कायदा त्याला जपतो. गावातल्या कुत्र्याला लस टोचली तर त्याच्या या रानातल्या भावंडांवरचा धोकाही कमी होतो.

पण ही लस टोचण्याची जबाबदारी कुणाची? दूर फिलिपिन्समध्ये काही भागांत कुत्र्याचं मांस खाल्लं जाई. तिथं 1998 मध्ये प्राणी कल्याणाचा कायदा आला आणि 2007 च्या रेबीजविरोधी कायद्यानं कुत्रा पाळणाऱ्यावर लस, नोंदणी आणि चावा बसलेल्याच्या उपचाराचा खर्चही सोपवला. आपल्याकडच्या 2023 च्या नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना सहसा जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. नियम कागदावर चांगला आहे. तो टोल्यापर्यंत नेणारी माणसं हवीत.

ती माणसं गडचिरोलीत आहेत. मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. आज जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः ठरवतात. त्यांच्या वहीत कुत्र्यांचंही एक पान असावं: टोल्यात किती आहेत, लस कधी झाली, नसबंदी कुणाची राहिली, नवी पिल्लं कोण सांभाळणार. तेंदूच्या पैशातला छोटासा वाटा त्यासाठी बाजूला काढावा. जंगल सामाईक म्हणून राखता येतं हे ज्या जिल्ह्यानं देशाला दाखवलं, त्यानं कुत्राही सामाईक म्हणून सांभाळून दाखवावा.