अस्सल बरहुकूम नक्कल

नक्कल करणे हा हलका धंदा आहे, असा जगाचा समज आहे. लेखकाला मान, वक्त्याला टाळ्या आणि नकलनविसाला फार तर वरिष्ठांचा शेरा, ही रीत जुनीच. केंद्र सरकारच्या कचेरीत अकरा-बारा वर्षे कागद खालीवर करण्यात घालविल्यावर आम्हांला मात्र असे वाटू लागले आहे की, जगाचा गाडा मूळ हुकुमांपेक्षा त्यांच्या नकलांवरच अधिक चालतो. मूळ कागद दप्तरखान्यात कुलपाआड असतो. काम करणाऱ्याच्या हाती पडते ती नक्कल. बी. एस्सी.च्या वर्गात मिळविलेले जीवशास्त्र अद्याप पुरते गळून गेलेले नाही. त्याच्या आधारे सांगतो की, वाचकहो, आपल्या देहातही हाच कारभार अहोरात्र चालला आहे.

पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचे मूळ दप्तर असते. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची. एखादे प्रथिन हवे झाले की, दप्तराचे तेवढेच पान उघडते आणि त्याची आरएनए नावाची नक्कल निघते. मूळ दप्तर जागचे हलत नाही. नक्कल तेवढी केंद्रकाबाहेर येते. तेथे रायबोसोम नावाचा कारागीर ती तीन-तीन अक्षरांनी वाचीत जातो. दुसऱ्या जातीचे छोटे आरएनए हमालांसारखे एकेक अमिनो आम्ल पाठीवर घेऊन येतात. प्रत्येकाजवळ तीन अक्षरांचा बिल्ला असतो. तो नकलेशी जुळला तरच माल उतरवून घ्यावयाचा, एरव्ही परत. अशी मण्याला मणी जोडून प्रथिनाची माळ तयार होते. तीन अक्षरांचे एकंदर ६४ शब्द. पैकी ६१ मालाची नावे सांगतात आणि ३ ‘येथे थांबावे’ एवढेच बजावतात. काम सरले की नक्कल नष्ट केली जाते. ही शेवटची शिस्त आमच्या कचेरीने उचलली, तर निदान चार कपाटे रिकामी होतील.

या शब्दांचा कोश लावणाऱ्यांत हरगोविंद खुराना हे एक अग्रणी होत. निरेनबर्ग व हॉली यांच्यासमवेत त्यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते जन्मले रायपूर गावी. आपल्या शेजारचे छत्तीसगडातले रायपूर नव्हे, तर आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातले एक लहानसे खेडे. वडील तेथे पटवारी होते, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. कारकुनी पेशाच्या घरातील मुलाने सृष्टीची कारकुनी उलगडून दाखविली, याचा आम्हांला उगाचच अभिमान वाटतो. पुढे करोनाच्या साथीत पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने अशीच नक्कल बाहेर तयार करून तिची लस केली आणि २०२२ साली तिला सरकारी परवानगीही मिळाली.

परंतु खरा घोर पडतो तो मूळ दप्तरातच चूक असेल तेव्हा. रक्तातील हिमोग्लोबिनाची एक माळ १४६ मण्यांची असते. तिच्या सहाव्या मण्यासाठी नकलेत ‘जी-ए-जी’ असावे, तेथे काहींच्या दप्तरात एकच अक्षर बदललेले असल्याने ‘जी-यू-जी’ येते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. नकलनवीस प्रामाणिक, कारागीर प्रामाणिक; तरी माळ बिघडते. प्राणवायू सुटताच असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, वाटोळी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि रोगी हाडांच्या वेदनांनी तळमळतो. १२० दिवस जगावयाची पेशी दहा-वीस दिवसांत संपते. हाच सिकलसेल रोग.

हा रोग परका नव्हे. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीत आढळला. पूर्व विदर्भ, महाकोशल व छत्तीसगड हे तर त्याचे मोठे मुलूख. येथे जबलपुरात, नागपूर रस्त्यावर गढ्याजवळ, आदिवासींच्या आरोग्यासाठी १९८४ साली स्थापन झालेली संस्था त्याचा अभ्यास करीत आली आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली.

हे सारे आमच्या लेखी पुस्तकी होते, ते यंदाच्या माघापर्यंत. एका रात्री घमापुरातील आमच्या बिऱ्हाडी भंडाऱ्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला. “अरे, पोरीच्या रक्तात दोष निघाला म्हणतात. मुलाकडचे कचरताहेत. आता कसं करावं?” भाचीचे लग्न ठरलेले, कॉलेजातील तपासणीच्या चिठ्ठीवर ‘धारक’ असा शेरा पडलेला. एवढ्या तीन अक्षरांनी घरातील चूल थंडावली होती.

आम्ही त्या रात्री व्याह्यांना पत्र लिहावयास बसलो. इतक्या वर्षांत शेकडो मसुदे केले, पण एवढे जपून एकही शब्द योजला नसेल. प्रत्येकाजवळ या दप्तराच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. मुलीची एकच प्रत सदोष आहे. ती रोगी नव्हे. मुलाच्या दोन्ही प्रती शुद्ध असतील, तर त्यांचे एकही मूल या रोगाने पीडित होणार नाही. दोघेही धारक असतील, तर मात्र दर खेपेस चारांत एक असा धोका आहे, आणि मग विचार त्या दोघांनीच डॉक्टरांच्या सल्ल्याने करावयाचा. तेव्हा लग्न मोडण्यापूर्वी मुलाची तपासणी तेवढी व्हावी, ही विनंती. धारकाला घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणूनच रानावनाच्या प्रदेशात हे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, हेही शेवटी लिहिले.

नवव्या दिवशी उत्तर आले. मुलगा निर्दोष ठरला होता. तिथी ठरल्याप्रमाणेच होती. खाली व्याह्यांनी स्वतःच्या अक्षरात जोडले होते: मुलाबरोबर मीही रक्त दिले होते. धारक मी निघालो. साठ वर्षे पुरी झाली, कधी अंथरूण धरले नाही.

नोकरीपायी दूर राहणारे आपण लोक मुलांच्या सोयरिकीसाठी अजून गावाकडेच पाहतो. पत्रिकेसोबत रक्ताची ही चिठ्ठीही मागवावी, आणि ती नीट वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्यावी. भाचीकडे ते अक्षर आमच्या बहिणीकडून आले की मेहुण्यांकडून, हे अद्याप कळलेले नाही. बहिणीकडून आले असेल, तर ते आमच्याही दप्तरात असणे शक्य आहे. म्हणून गेल्या सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही उभयतांनी रक्त दिले. चिठ्ठी शुक्रवारी मिळावयाची आहे.