नव्या आवृत्तीवर विश्वास कधी ठेवावा?

१/ दिवाळीनंतर धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागू लागतात. त्या दिवसांत एखाद्या दुकानातील संगणक सकाळी सुरूच झाला नाही, तर वजन, भाव, चुकारा सारेच खोळंबते. अशा संगणकावर मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती चढवावी का? प्रश्न तांत्रिक दिसतो. मुळात तो पुराव्याचा आहे.

२/ डिसेंबर १९९५. सीडी विकणाऱ्या इन्फोमॅजिक या कंपनीने डेबियनची अपुरी, विकासाधीन प्रत चुकून ‘१.०’ म्हणून बाजारात आणली. विकलेली सीडी परत बोलावता येत नाही. गोंधळ टाळण्यासाठी डेबियनने १.० हा क्रमांकच सोडून दिला. जून १९९६ मध्ये आली ती १.१. आवृत्तीचा अंक हा केवळ दावा असतो, हा पहिला धडा.

३/ लिनक्सच्या गाभ्याने अंकालाच अर्थ देऊन पाहिला. दुसरा अंक सम असेल तर स्थिर, विषम असेल तर प्रयोगाधीन. २.४ वापरावी, २.५ तज्ज्ञांनी तपासावी. २.६ च्या काळात हा संकेतही मागे पडला.

४/ डेबियनने मग काळालाच साक्षीदार केले. नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येते. काही दिवस तेथे नवा गंभीर दोष आढळला नाही, तरच ते ‘चाचणी’ शाखेत जाते. पुढे ती शाखा गोठवून, गंभीर दोष निपटून ‘स्थिर’ आवृत्ती प्रसिद्ध होते. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली याच डेबियनवर उभी आहे.

५/ या सावधपणाची किंमतही मोठी होती. ३.० आली जुलै २००२ मध्ये आणि ३.१ थेट जून २००५ मध्ये. जवळपास तीन वर्षे स्थैर्य हवे असणाऱ्यांना जुन्याच सामग्रीवर भागवावे लागले.

६/ उबंटूने उलट दर सहा महिन्यांचे वेळापत्रक स्वीकारले. तरीही २००६ ची पहिली दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिलऐवजी जूनमध्ये आली. म्हणूनच तिचा क्रमांक ६.०६. तारीख चुकली, हीच तिच्याविषयी विश्वास वाढवणारी गोष्ट ठरली.

७/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली आणि बखरींहून अस्सल समकालीन पत्रांना अधिक मोल दिले. येथेही तोच विवेक लागतो. प्रकाशनाची घोषणा ही बखर. दोषांची जाहीर नोंदवही हे अस्सल दफ्तर. दोष कोणत्या यंत्रावर आला, किती दिवसांत मिटला, कोणता अजून उघडा आहे, हे तेथेच कळते. नोंदी पुष्कळ असणे वाईट नव्हे. नोंदीच नसतील, तर बहुधा कोणी तपासलेलेच नसते.

८/ दफ्तर वाचूनही शेवटची साक्ष आपल्याच यंत्राची. पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून प्रिंटर छापतो का, मराठी टंकलेखन नीट होते का, हे काहीही न बदलता पाहता येते. उबंटूसुद्धा दीर्घ मुदतीच्या वापरकर्त्यांना पुढची तशी आवृत्ती सहसा तिची पहिली सुधारणा आल्यावरच सुचवते.

९/ वऱ्हाडातील जाणता शेतकरी नवे वाण पहिल्याच वर्षी साऱ्या वावरात लावत नाही. धुऱ्याकडच्या चार तासांत लावून पाहतो. दुकानातील संगणकाचेही तसेच. आधी बॅकअप, मग जुन्या यंत्रावर प्रयोग, आणि तोही कापसाचा हंगाम संपल्यावर.