वेष्टनावर नसलेले नाव

सांगलीच्या जुन्या बाजारात आम्हाला निवडक भीमगीतांची वापरलेली सीडी मिळाली. साताऱ्याला घरी येऊन लावली. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज घुमला आणि लहानपणीची १४ एप्रिल आठवली. एके ठिकाणी सीडी अडकली, तर पुढचे शब्द आईने म्हटले. तिला अक्षरओळख नाही, पण गाणी पाठ.

तिने विचारले, "गाणं वामनदादांचं. त्यांचं नाव कुठाय?"

वेष्टनावर फक्त गायकाचे नाव! शाळेत न गेलेले वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले, गाण्यांतून त्यांनी बाबासाहेब खेडोपाडी पोचवले. कवी, गायक दोघेही २००४ साली गेले.

याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात चढले. नाव नोंदण्याचे मोल आपण विसरावे? आम्ही वेष्टनावर पेनने वामनदादांचे नाव लिहिले. आपल्या घरच्या कॅसेटी, सीडीही पाहाव्यात. जयभीम!