चतुर आणि टाचणी

‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्याकडे दोन माणसांना हमखास विचारला जातो: कवीला आणि छंदिष्टाला. कवी बिचारा हसून वेळ मारून नेतो. छंदिष्टाला मात्र वाटते, नीट समजावून सांगितले तर समोरच्याला पटेल. आणि तो बोलत सुटतो. मी या दुसऱ्या वर्गातला. चतुरांची छायाचित्रे काढणे आणि त्यांची नावे हुडकणे हा माझा छंद; तेव्हा वाचकहो, आपण सावध असलेले बरे!

चतुर म्हणजे पाऊस उघडल्यावर माळावर घिरट्या घालणारा, लांब शेपटीचा, चार पारदर्शक पंखांचा किडा. पोरे त्याला हल्ली ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. टाचणी ही त्याची नाजूक चुलत बहीण. चतुर बसला तरी पंख पसरूनच बसतो, आगाऊ पाहुण्याने सगळा कोच अडवावा तसा. टाचणी बहुधा पंख मिटून पाठीवर घेते. तिचे डोळेही दोन बाजूंना दूर दूर. चतुराचे बहुधा एकमेकांना भिडलेले.

हा छंद मला लागला तो रिकामपणामुळे. एका गिरणीत मी कापड तपाशीत असे. भिंग डोळ्याला लावायचे आणि इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायचे. यात उमेदीची वर्षे गेली. पुढे गिरणी बंद पडली. हात रिकामे झाले त्याचे फारसे काही वाटले नाही. पण डोळ्याचे काय करायचे? त्याला बारीक पाहण्याची खोड लागलेली. रस्त्यात भेटणाऱ्यांच्या सदऱ्यांवर नजर रोखून मी धागे मोजू लागलो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “अहो, कुणी तरी चोप देईल हं!”

मुलाने आपला जुना कॅमेरा दिला. सिद्धेश्वर तलावाच्या काठी एका चतुराचे चित्र घेतले आणि त्याचा पंख मोठा करून पाहिला, तो काय! ते कापडच होते. उभ्या शिरा, आडव्या शिरा, मधे बारीक चौकटी आणि टोकाशी एक रंगीत ठिपका. गंमत म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेशी आडव्या शिरा किती, हे मोजून शास्त्रज्ञ कित्येक जाती वेगळ्या करतात. माझी विद्या अगदीच फुकट गेली नव्हती.

सोलापुरात ऊनच ऊन. इथे कसले चतुर, असे परगावचे लोक म्हणतात. त्यांनी श्रावण-भाद्रपदात यावे. कंबर तलावाच्या गवतात पिवळी टाचणी बसलेली असते. भुईकोटाच्या भिंतीवर दगडाच्याच रंगाचा एक चतुर चिकटून बसतो. हलेपर्यंत तो दिसतच नाही. गटाराच्या कडेला नारिंगी पंखांचा चतुर भेटतो. घाण पाण्यातही तो सुखाने नांदतो. एखाद्या काठावर तो एकटाच उरला, की त्या पाण्याची प्रकृती बिघडली असे मी समजतो; कारण चतुराचे सारे बालपण पाण्यात जाते. डासांच्या अळ्या खाऊन तो तिथे वाढतो. पाणी नासले की चोखंदळ जाती आधी निघून जातात, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

चित्र काढणे सोपे. नाव ठरवणे अवघड. कोवळा नर पुष्कळदा मादीच्या रंगाचा असतो. लाल नाही तर निळा होतो तो पुढे. म्हणून मी एकाच किड्याची तीन चित्रे घेतो: पाठीवरून, कुशीवरून आणि शेपटीच्या टोकाची. त्या टोकाला नराच्या चिमट्यासारख्या नांग्या असतात. पुष्कळ वेळा निकाल त्यांच्यावरच लागतो. फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टराने १९३३ ते १९३६ या काळात इथल्या चतुरांवर तीन खंड प्रसिद्ध केले. अभ्यासकांना आजही त्यांचा आधार घ्यावा लागतो. इतके करूनही खात्री पटली नाही, तर मी वहीत लिहितो, ‘नक्की नाही’. शंकेच्या ताग्यावर मी कधी शिक्का मारला नाही. इथे तरी का मारावा? आणि आशा कुणाला सुटली आहे? २०१९ साली सिंधुदुर्गातली एक टाचणी शास्त्राला सर्वस्वी नवी ठरली. ती आमच्या कंबर तलावावरच्या पिवळीच्याच गोतातली!

दिवाळीच्या सुमारास मात्र मी एकाच चतुराची वाट पाहतो. सोनेरी-पिवळ्या अंगाचा, थव्याने उडणारा, सहसा खाली न बसणारा हा जीव. फॅब्रिशियसने १७९८ साली त्याचे नामकरण केले. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली असे मांडले, की हे थवे पावसाळा सरताना भारतातून निघतात, ऑक्टोबरात मालदीववर उतरतात आणि वाऱ्याच्या आधाराने समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात. परतीची वाट पुढच्या पिढ्या चालतात. वजन म्हणाल, तर एक ग्रॅमदेखील नाही!

तेव्हा फराळाचे ताट घेऊन आपण अंगणात बसला असाल आणि डोक्यावर असा एखादा पिवळा पाहुणा घिरट्या घालू लागला, तर पोरांना त्याच्या शेपटीला दोरा बांधू देऊ नका. त्याला लांब जायचे आहे. आणि त्याच्या अंगावरचे ते झिरझिरीत कापड कुठल्याही मागावर पुन्हा विणून मिळायचे नाही.