आबांचा प्रश्न

"बंदूक हाती न धरता तू लढाईचं शिकवतोस तरी काय?" आबा नेहमी विचारीत. धाकटा भाऊ फौजेत आणि मी पुण्याला संरक्षणशास्त्राचा प्राध्यापक. गावात मान भावाला, आणि तो रास्तच होता. त्याचं पत्र लांबलं की आई मात्र मलाच विचारी, "लढाई लागंल का रं?"

आबांना पटेल असं उत्तर मला १९६५ सालच्या अभ्यासात सापडलं. त्या साली पाकिस्तानशी युद्ध झालं. अमेरिकेनं शस्त्रांची मदत थांबवली. गहूसुद्धा अध्यक्ष जॉन्सन हात राखून, थोडा थोडाच धाडीत. १९६६ साली आपण बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणलं. ज्याच्या घरी दाणा उसना, त्याची मान सावकारापुढं खालीच. शास्त्रीजींनी 'जय जवान'च्या जोडीला 'जय किसान' म्हटलं, त्यातलं मर्म हेच.

सुट्टीत आबांना म्हणालो, "सैन्य, धान्य, पैसा आणि शेजारी यांचा वीस वर्षं पुढचा मेळ घालायचा, ती व्यूहनीती. मी तेच शिकवतो."

आबा कणगीकडे पाहत म्हणाले, "म्हंजे खायची ओढ असली तरी बियाणं राखायचं, तसं?"

"तसंच."

"मग पुस्तकात आमचंबी लिही की."

पुस्तक निघालं तेव्हा आबा नव्हते. त्यातलं पहिलं प्रकरण सैन्याचं नाही, धान्याचं आहे.