आमच्या आबांची दाढ

मोडलेले हाड जुळते, पण तडकलेला दात जुळत नाही. असे दातांचे डॉक्टर म्हणाले. आमचे आबा दाढेनेच सुपारी फोडतात. त्यांना भाकरी चावली की कळ यायची, गार पाण्यानेपण यायची. चार दिवस दुधात कुस्करून खाल्ले. लवंग धरली, पण तेवढ्यापुरतेच बरे वाटे. आजी म्हणाली, उपटूनच टाका.

तालुक्याला मीपण गेलो. फोटोत काहीच दिसले नाही. मग डॉक्टरांनी एकेका दाढेवर बारकी कांडी चावायला दिली. चावताना नाही, सोडताना आबा ओरडले! तिथे बॅटरी धरली, तर केसाएवढी चीर. ती मुळापर्यंत गेली नव्हती, म्हणून दाढ वाचली. तिच्यावर टोपी बसवली. आबा मोठ्याने हसले की ती चांदीसारखी चमकते.