पंचवीस सेंटची शिस्त

शनिवारी संध्याकाळी इथल्या सुपरमार्केटमध्ये दोन रांगा असतात. एक गल्ल्यापाशी, दुसरी रिकाम्या बाटल्या परत करणाऱ्यांची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणून ही घाई. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर किंवा कॅनवर २५ सेंट अनामत, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुतेक ८. यंत्र बाटली गिळतं आणि चिठ्ठी देतं. ती दाखवली की बिलातून पैसे वजा. बाटली चेपलेली असली तर यंत्राला तिच्यावरच्या रेघा वाचता येत नाहीत, ते ती परत ढकलतं. पाणी पिऊन झालं की बाटली चुरगाळायची आपली सवय त्यामुळे आपोआप सुटते. पर्यावरणप्रेम मागाहून आलं तर आलं.

*

पेरूच्या भाजीची फोडणी घातली की रूममेट खिडकी सताड उघडतो. बाहेर शून्य अंश. मला वाटलं, वासाचा राग. पण तो ओट्सची लापशी शिजवली तरी हेच करतो: हीटर बंद, पाच मिनिटं खिडकी पूर्ण उघडी, मग गच्च बंद. दमट हवा जाते, भिंती तापलेल्याच राहतात, बुरशी धरत नाही. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं हा मात्र गुन्हा.

*

स्टेशनवर, सामन्यानंतर स्टेडियमबाहेर, उन्हाळ्यात नदीकाठी, हातात पिशवी आणि टॉर्च घेऊन कचऱ्याच्या डब्यात डोकावणारी माणसं दिसतात. बरीच वयस्कर. त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून विद्यार्थी बाटली डब्याशेजारी उभी करून जातात. काही शहरांत तर डब्याभोवती बाटल्या ठेवायला खास कडी बसवली आहे. माणुसकी आहेच त्यात, पण म्हातारपणी कुणीतरी बाटल्या वेचणार हे गृहीत धरून केलेली ती सोय मला बघवत नाही.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. ओळखपत्रं मिळवली, पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि तिने घरोघरचा कचरा गोळा करायचा महापालिकेशी करार केला. इथला बाटल्या वेचणारा मला नेहमी एकटाच दिसतो, नजर चुकवणारा. या एका बाबतीत पुणं पुढे आहे, आणि हे मी पुणेकर म्हणून म्हणत नाही.

*

काच रंगाप्रमाणे वेगळी: पांढरी, हिरवी, तपकिरी. रविवारी टाकायची नाही, कारण खळखळाट होतो. हा नियम कुणी मोडलाच तर पोलीस लागत नाहीत, पहिल्या मजल्यावरच्या आजी पुरतात.

*

कचरा इतका काटेकोर वेगळा करणारा हा देश हिवाळ्यात एकेक काकडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकतो.

*

फुटपाथवर खोकं, त्यावर 'घेऊन जा' अशी चिठ्ठी. आत कप, पुस्तकं, टेबललॅम्प. माझ्या खोलीतला निम्मा संसार असाच जमला आहे. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बोहारीण तरी बदल्यात काहीतरी द्यायची." तिला न दिसलेला फरक असा, की बोहारणीशी तासभर घासाघीस व्हायची आणि तिला आमच्या घरातल्या बातम्या कळायच्या. इथे देणारा कोण, ते कधीच कळत नाही.

*

देशभर लोकल गाड्या, बस, ट्राम चालतील असं मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये ते ५८ झालं. त्या आठवड्यात आमच्या लॅबमधल्या दोघांनी जुन्या मोटारींच्या जाहिराती चाळायला घेतल्या.